वऱ्हाडातले १ लाख ४३ हजार: एका आकड्याची उलटतपासणी

या वेळची पोस्ट एका पुस्तकावर आहे, पण सुरुवात माझ्याच एका स्लाइडपासून करते. मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दुष्काळांच्या इतिहासावर बोलायला गेले होते. स्लाइड एकदम जोरदार होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसं थेट उपासमारीनं मेली, आणि त्याच काळात वऱ्हाडातून कापसाच्या गाठींबरोबर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेलं. खाली ठळक अक्षरांत प्रश्न होता: हा नरसंहार नाही तर काय? हॉल शांत झाला. मला वाटलं, जमलं.

मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी उठले. "मॅडम, यात आपल्या बुलढाण्याचे किती?" मला सांगता आलं नाही. मग त्यांनी दुसरं विचारलं, "बरं, हे मोजलं कोणी?" तेही सांगता आलं नाही. मी एमएस्सी केली स्टॅटिस्टिक्समध्ये, पीएचडी करतेय पावसाच्या आणि मृत्यूंच्या जुन्या नोंदींवर, आणि ज्या आकड्यावर एवढा मोठा शब्द टांगला होता तो आला कुठून हे मला माहीत नव्हतं. एका चांगल्या पुस्तकातून उचलला होता, एवढंच.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असे आकडे तुम्हीही उचलणार. म्हणून तो आकडा मी नंतर कसा सोलून पाहिला आणि त्यातून काय निघालं ते सांगते. मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच निघालं.

पुस्तक आहे माईक डेव्हिस यांचं 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स', २००१ मध्ये आलेलं. वाचलं नसेल तर जरूर वाचा. एल निनो नावाची प्रशांत महासागरातली उलथापालथ आणि ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ, या दोन गोष्टी एकाच वेळी भारत, चीन आणि ब्राझीलमधल्या शेतकऱ्यांवर कशा कोसळल्या, हे त्यांनी एका धाग्यात ओवलंय. हवामानाचा इतिहास आणि राजकारणाचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवायची आपली सवय या पुस्तकानं मोडली. मी या विषयाकडे वळले त्यात या पुस्तकाचा वाटा आहे. १८७६-७९ च्या दुष्काळात भारतात मेलेल्यांचे अंदाज ते ६१ लाखांपासून १ कोटी ३ लाखांपर्यंत देतात, १८९६-१९०२ साठी ६१ लाखांपासून १ कोटी ९० लाखांपर्यंत. वेगवेगळ्या अभ्यासकांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत, ते चांगलंच केलंय. पण खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत तिपटीचा फरक आहे, हे पान उलटताना लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते शीर्षक.

शीर्षकातला शब्द होलोकॉस्ट. नाझींनी ज्यूंचा जो संहार केला त्याच्याशी जोडलेला. डेव्हिस यांना ते माहीत आहे, आणि ते मुद्दामच तसं म्हणतात: उपाशी रयतेबद्दलचं साम्राज्याचं धोरण आणि वरून टाकलेले बॉम्ब यांत त्यांच्या लेखी नैतिक फरक नाही. हे मत म्हणून मांडता येतं. पण संशोधक म्हणून आपल्याला आधी विचारायला हवं की कोणता शब्द वापरल्यावर काय सिद्ध करावं लागतं.

मराठीत इथेच घोळ आहे. वर्तमानपत्रं कशालाही नरसंहार म्हणतात. गावात वीस माणसं मारली तरी नरसंहार, रवांडात शंभर दिवसांत लाखो मारले तरी नरसंहार. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानं १९४४ मध्ये जेनोसाइड हा शब्द घडवला, तो मोठ्या संख्येसाठी नव्हे. एखादा समूह समूह म्हणून नाहीसा करणं, हा त्याचा गाभा. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी जो करार मंजूर केला त्यात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असणं ही अट आहे. म्हणून मी पुढे वंशसंहार म्हणते. करारात पाच प्रकारची कृत्यं दिलीत, आणि त्यातलं एक आपल्या विषयाला थेट भिडतं: समूहाचा शारीरिक नाश व्हावा अशा बेतानं त्याच्यावर जगण्याची परिस्थिती लादणं. म्हणजे भुकेनं वंशसंहार होऊ शकतो. गोळी झाडायलाच हवी असं नाही. पण तो 'बेत' दाखवावा लागतो.

वऱ्हाडातल्या दुष्काळानंतर चारच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९०४ ला, आजच्या नामिबियात जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथा यानं हेरेरो लोकांविरुद्ध लेखी फर्मान काढलं, की जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोवर गोळी झाडली जाईल. माणसांना वाळवंटात रेटलं, पाण्यापासून तोडलं. तिथे हेतू कागदावर आहे. १९३२-३३ च्या युक्रेनमध्ये गोष्ट जास्त अवघड होते. धान्यवसुली, काळ्या यादीत टाकलेली गावं, आणि २२ जानेवारी १९३३ चं स्टालिन-मोलोटोव्ह यांच्या सहीचं निर्देशपत्र, ज्यानं युक्रेन आणि कुबानमधल्या शेतकऱ्यांना बाहेर पडण्यापासून अडवलं. एवढं असूनही रॉबर्ट कॉन्क्वेस्ट एक म्हणतात, डेव्हिस आणि व्हीटक्रॉफ्ट (हे डेव्हिस वेगळे, आर. डब्ल्यू.) दुसरं म्हणतात. भांडण मृत्यूंच्या संख्येवर कमी, हेतूवर जास्त आहे.

आणि भूक कुठल्या रकान्यात टाकायची यावर तर बेरजाच बदलतात. हवाई विद्यापीठाचे आर. जे. रुमेल यांनी सरकारांनी मारलेल्या माणसांची मोजदाद आयुष्यभर केली, त्यासाठी डेमोसाइड असा शब्दही काढला. माओच्या 'मोठ्या उडी'तल्या दुष्काळाचे मृत्यू त्यांनी आधी त्यात धरले नव्हते. २००५ मध्ये मत बदललं आणि चीनच्या बेरजेत एका फटक्यात सुमारे ३ कोटी ८० लाख वाढले. तेवढी माणसं एका निर्णयानं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली. मी स्टॅटिस्टिक्सवाली असल्यानं मला हे वाचून धडकीच भरली होती. तुलनात्मक वंशसंहाराचं कोणतंही पुस्तक उघडाल तेव्हा तक्त्याच्या आधी व्याख्येचं पान शोधा.

आता घरी येऊ.

वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं, कारभाराला इंग्रजांचं. १८५३ च्या तहानं हा मुलूख इंग्रजांकडे आला, कागदोपत्री नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांचं लक्ष वऱ्हाडावर गेलं. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन सुरू केला. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉय येतो तो उगीच नाही, खामगावचा कापूसबाजार तेव्हा देशातल्या मोठ्या बाजारांत होता. लक्ष्मण सत्या यांच्या 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या पुस्तकात ही सगळी घडण बारकाईनं आहे. डेव्हिस वऱ्हाडावरचं बरंचसं विवेचन त्यांच्याच आधारानं करतात.

त्यांचं सूत्र असं: रेल्वे आणि कापूस यांनी शेतकऱ्याला जागतिक बाजाराशी बांधलं, ज्वारीची पेवं रिकामी केली, आणि पाऊस गेला तेव्हा धान्य त्याच रुळांवरून बाहेर गेलं. त्या सूत्राचा पुरावा म्हणून माझ्या स्लाइडवरचे दोन आकडे.

पहिला आकडा. १ लाख ४३ हजार.

१८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार १६ भरली. वजाबाकी करून बघा. १ लाख ४३ हजार.

हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर तीनदा पुसून पुन्हा केलं. हा योगायोग मानायला मी तयार नाही. माझं म्हणणं असं, की दोन जनगणनांमधला फरक कुठल्यातरी टप्प्यावर 'दुष्काळाचे बळी' झाला, मग 'थेट उपासमारीचे बळी' झाला, आणि तिथून पुस्तकांमधून माझ्या स्लाइडवर आला.

तर काय बिघडलं? फरक तर पडलाच ना लोकसंख्येत? बिघडलं बरंच. लोकसंख्येतला बदल म्हणजे जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. चार गोष्टींची बेरीज-वजाबाकी एका मृत्यूच्या नावावर लावता येत नाही. शिवाय तो दहा वर्षांचा फरक आहे, १८९६-९७ चा दुष्काळही त्यातच आहे, पटकीच्या साथीही त्यातच आहेत. तो एकट्या १८९९-१९०० च्या नावावर कसा लावणार?

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो) ही चूक साम्राज्याच्या बाजूनंही जाते. १८८१ मध्ये वऱ्हाडात सुमारे २६ लाख ७३ हजार माणसं होती, १८९१ पर्यंत ती ८.४ टक्क्यांनी वाढली. त्याच गतीनं पुढची दहा वर्षं गेली असती तर १९०१ मध्ये ३१ लाख ४१ हजारांच्या आसपास भरायला हवी होती. प्रत्यक्षात भरली त्याच्याशी तुलना केली तर तूट सुमारे ३ लाख ८७ हजारांची. यात न जन्मलेली मुलं आहेत, निघून गेलेले आहेत, आधीच्या दशकात बाहेरून आलेल्यांमुळे फुगलेली वाढही आहे. म्हणजे ३ लाख ८७ हजार हाही बळींचा आकडा नव्हे. पण १ लाख ४३ हजार हा ना किमान आहे ना कमाल. तो वेगळ्याच गोष्टीचं माप आहे. कापडाची लांबी विचारली आणि वजन सांगितलं, असं झालं.

'थेट उपासमारीनं' हे शब्दही तपासा. दुष्काळात माणूस बहुतेक वेळा भुकेनं खंगतो आणि आजारानं मरतो: पटकी, हगवण, ताप. टिम डायसन यांनी १८८१ ते १९८० या शंभर वर्षांतल्या वऱ्हाडाच्या लोकसंख्येवर काम केलंय, अरूप महारत्न यांचं 'द डेमोग्राफी ऑफ फॅमिन्स' (१९९६) हेही असंच महत्त्वाचं. दोघांना वाचल्यावर कळतं की भारतीय दुष्काळांत मृत्यूंची मोठी लाट पुष्कळदा पाऊस परत आल्यावर, हिवतापाबरोबर येते. डबकी भरतात, डास होतात, अंगात ताकद नसते. पीक शेतात उभं आणि माणूस घरात आडवा. सरकारी कामं बंद करायची घाई होते ती नेमकी याच सुमारास. 'उपासमारीनं मेले' असं लिहिलं की ही सगळी साखळी आणि तिच्यातली सरकारची कडी आपणच पुसून टाकतो.

दुसरा आकडा. ७ लाख ४७ हजार बुशेल.

बुशेल आपल्याला कळत नाही म्हणून तो आणखी भीतीदायक वाटतो. ते आकारमानाचं माप आहे, आपल्या पायली-कुडवासारखं. गव्हाचा बुशेल २७ किलोच्या आसपास, ज्वारीचा २५. म्हणजे हे धान्य १९ ते २० हजार टन झालं. माणशी रोज अर्धा किलो धरलं तर साधारण एक लाख माणसांचं वर्षभराचं अन्न. आता हेच दुसरीकडून बघा: वऱ्हाडाच्या २८ लाख लोकांना रोज १,४०० टन लागतं, म्हणजे हे धान्य अख्ख्या प्रांताला दोन आठवडे पुरेल एवढं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. हादरवायचं असेल तो पहिलं निवडेल, साम्राज्याची वकिली करायची असेल तो दुसरं. व्हायव्हात बाहेरचे परीक्षक तुम्हाला नेमकं न निवडलेलं वाक्य विचारतील, एवढं धरून चला.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. त्या वाक्यात बाहेर गेलेलं धान्य आहे, आत आलेलं नाही. त्या वर्षी ब्रह्मदेशचा तांदूळ दुष्काळी मुलखात मोठ्या प्रमाणावर येत होता. वऱ्हाडात निव्वळ किती उरलं हे आयात वजा केल्याशिवाय कळत नाही. आणि प्रांताबाहेर गेलं म्हणजे विलायतेला गेलं असंही नाही, शेजारच्या त्याहून उपाशी मुलखात गेलेलं असू शकतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की धान्य असूनही विकत घ्यायची ऐपत गेली की माणसं मरतात. त्या चौकटीत निर्यात हा मुख्य मुद्दा राहतच नाही. मुख्य मुद्दा आहे मजुरी, कर्ज आणि भाव. सत्या यांच्या पुस्तकात हे आहे. डेव्हिस यांच्या त्या वाक्यात ते दबून जातं.

आता गुरुजींचा प्रश्न. आपल्या बुलढाण्याचे किती?

१८९१ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ४ लाख ८१ हजार लोक होते, १९०१ मध्ये ४ लाख २३ हजार ६१६. बारा टक्के घट. अख्ख्या वऱ्हाडाची घट पाच टक्के. लोकसंख्येच्या एक-षष्ठांश असलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला एकूण घटीतले चाळीस टक्के आले. वाशीम जिल्ह्यातही अकरा टक्के घट. आणि अकोला? अकोला जिल्हा एका टक्क्यानं वाढला.

इथे थांबा, कारण मी इथेच एकदा घसरले होते. तेव्हाचा बुलढाणा आजचा नव्हे. १९०१ मध्ये जिल्ह्यात तीनच तालुके: मलकापूर, चिखली, मेहकर. खामगाव आणि जळगाव (जामोद) अकोल्यात होते, ते १९०५ मध्ये आपल्याकडे आले. जुन्या संदर्भग्रंथांत नव्या हद्दीचं क्षेत्रफळ आणि जुन्या हद्दीची लोकसंख्या एकाच परिच्छेदात सापडते, मी त्यावरून दर चौरस मैली घनता काढून मोकळी झाले होते. जिल्ह्याचं नाव तेच असलं तरी हद्द तपासल्याशिवाय भागाकार करू नका.

म्हणजे कापसाचा राजा खामगाव, रेल्वे, पेढ्या, जिनिंग, हे सगळं ज्या अकोला जिल्ह्यात होतं तिथे लोकसंख्या किंचित वाढली. आणि घाटावरचे, रूळ नसलेले तालुके रिकामे झाले. मेहकर तालुका बघा. तेव्हा लोणार आणि सिंदखेड राजा त्यातच. १८९१ मध्ये सुमारे १ लाख ५३ हजार लोक, १९०१ मध्ये १ लाख २० हजार ७९२. पाच माणसांतलं एक माणूस कमी. जिल्ह्याच्या ५७ हजारांच्या घटीतले ३२ हजार एकट्या मेहकरचे. वऱ्हाडाच्या एकूण घटीतला पाचवा हिस्सा या एका तालुक्यात आहे, लोकसंख्येत त्याचा वाटा विसावा होता तरी. रुळावरच्या मलकापूरची आणि घाटावरच्या चिखलीची मिळून घट २५ हजारांच्या आसपास.

डेव्हिस यांचं सूत्र जसंच्या तसं लावलं तर उलटं दिसायला हवं होतं. जिथे रेल्वे आणि कापूस जास्त, तिथे मरण जास्त. आकडे सांगतात की घट तिथे झाली जिथे रेल्वे पोचलीच नव्हती.

यावरून "बघा, रेल्वेनं माणसं वाचवली" असा निष्कर्ष काढणारेही आहेत, आणि तोही तितकाच घाईचा. कारण मेहकरची माणसं घाट उतरून पायनघाटात गेली असतील, जिनिंगमध्ये, रेल्वेच्या कामावर, सरकारी खडी फोडायला. तसं असेल तर अकोल्याची वाढ आणि मेहकरची घट ही एकाच हालचालीची दोन टोकं आहेत. किंवा ती निजामाच्या हद्दीत, जालना-परभणीकडे गेली असतील, जरी दुष्काळ तिथेही होता. किंवा गेलीच नाहीत, मेली. जनगणनेची एकूण संख्या यातलं काहीच सांगत नाही. जन्मस्थानाचा तक्ता थोडं सांगतो. मृत्यूची गावनिहाय, महिनावार नोंद बरंच सांगेल.

आणि वंशसंहाराच्या तुलनेत नेमकी हीच गोष्ट कळीची आहे. युक्रेनमध्ये बाहेर पडणाऱ्याला अडवलं, नामिबियात पाण्याकडे जाणाऱ्याला अडवलं. मेहकरचा माणूस घाट उतरू शकत होता का? उतरल्यावर त्याला काम मिळालं का, कोणत्या मजुरीवर? डेव्हिस यांच्या पुस्तकाला विचारायचा प्रश्न हा होता, आणि त्यांनी प्रांताची एकच बेरीज घेतल्यामुळे तो विचारलाच गेला नाही. मला पुस्तकातली खरी उणीव ही वाटते. जगाच्या पातळीवर इतका बारीक विणणारा माणूस जिल्ह्याच्या पातळीवर दुसऱ्या हातचा आकडा घेऊन पुढे गेला.

हे सगळं मी माझ्या विभागातल्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती चिडलीच. "म्हणजे तू इंग्रजांना सोडून देतेयस." नाही. उलट आता जास्त नेमकं धरता येतं.

बघा. १८७६-७८ चा दुष्काळ आला तेव्हा सरकार म्हणू शकत होतं की आम्हाला नियम नव्हते (तेही पूर्ण खरं नाही, रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्याची मजुरी ठरवली तेव्हा मद्रासच्या डॉ. कॉर्निश यांनी तिथल्या तिथे विरोध केला होता). पण १८८० मध्ये स्ट्रेची आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ नंतर प्रांतोप्रांती फॅमिन कोड तयार झाले. कधी काम काढायचं, किती मजुरी द्यायची, म्हातारे-आजारी यांना फुकट मदत कशी द्यायची, सगळं छापील. १८९६ मध्ये टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा हेच कोड घेऊन गावोगाव सांगत होते की हा तुमचा हक्क आहे, मागा. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे १८९९ मध्ये पाऊस गेला तेव्हा सरकारकडे ज्ञान होतं, यंत्रणा होती, ताजा अनुभव होता, आणि जनतेनं तोंडावर वाचून दाखवलेले स्वतःचेच नियम होते. वर कर्झन यांची भूमिका अशी, की फार सढळ मदतीनं तिजोरी धोक्यात येते आणि लोकांची स्वावलंबनाची सवय जाते.

डेव्हिड मार्कस यांनी २००३ मध्ये दुष्काळाच्या गुन्ह्यांची चार पायऱ्यांत मांडणी केली. सगळ्यात वर: भूक हत्यार म्हणून मुद्दाम वापरणं. त्याखाली: आपल्या धोरणानं माणसं मरताहेत हे दिसत असूनही ते धोरण चालू ठेवणं. त्याखाली बेफिकिरी. शेवटी निव्वळ असमर्थता. माझ्या मते १८९९-१९०० चं वऱ्हाड दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी बसतं. वरच्या पायरीवर न्यायचं तर मला ट्रोथासारखा कागद किंवा घाटावरचा पहारा दाखवावा लागेल, आणि मी तो पाहिलेला नाही. दुसऱ्या पायरीवर ठेवायला मला १ लाख ४३ हजार या आकड्याची गरजच पडत नाही. फॅमिन कोड पुरतो.

याची उलट बाजूनं खात्री करून घ्यायची तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९७२ मध्येही एल निनो होता, देशभरातला पाऊस त्या शतकातल्या सगळ्यात वाईट वर्षांत जमा होतो. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आपल्या भागात अजूनही खडी, पाझर तलाव, सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी निघते. हाल झाले, जनावरं गेली. पण मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामावर होती, आणि गावंच्या गावं ओस पडतील अशी मरणाची लाट आली नाही. आभाळ दोन्ही वेळा फाटलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोदामं आणि रूळ नव्हते असं म्हणता येत नाही, मलकापूरला स्टेशन होतं. फरक पडला तो सरकारनं कोणाला उत्तर द्यायचं होतं यात. ही तुलना मला होलोकॉस्ट या शब्दापेक्षा जास्त बोलकी वाटते. डेव्हिस यांच्या पुस्तकात अशा तुलनेची सगळी सामग्री आहे, शीर्षक मात्र वाचकाला भलतीकडे पाठवतं.

माझी स्लाइड मी बदललीय. आता तिच्यावर तीन तालुक्यांची तीन नावं आहेत, दोन जनगणनांची वर्षं आहेत, आणि मेहकरसमोर '३२ हजार: मृत्यू? स्थलांतर?' असं लिहिलंय. हॉल पूर्वीसारखा शांत होत नाही. पण प्रश्न जास्त येतात.

त्या प्रश्नाचं उत्तर कुठे मिळू शकेल ते तुमच्यापैकी कित्येकांना माझ्याहून जास्त माहीत असेल. जात पडताळणीसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढली असेल ना? तेच पुस्तक. वऱ्हाडात गावोगाव जन्ममृत्यूची नोंद पाटलाकडून होत असे, आणि पणजोबांचं नाव शोधताना आपण ज्या पानांवरून बोट फिरवतो तिथेच शेजारच्या रकान्यात मृत्यूचं कारण आणि तारीख असते. मला मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागातल्या गावांची १८९९ ते १९०१ ची पानं बघायची आहेत. नावं नकोत, फक्त महिना, वय आणि कारण. नक्कल काढताना त्या वर्षांची पानं शिल्लक आहेत असं कोणाला दिसलं असेल तर गावाचं नाव मला कळवा. अर्ज मी करते.